रत्नागिरीत कामासाठी चार मुक्काम: साडेपाचनंतर काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून कंपनीच्या कामासाठी सोमवारी रत्नागिरीत यायचं, शुक्रवारी दुपारी परत. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. काम मिरजोळे एमआयडीसीत, सुटका साडेपाचला, स्वतःची गाडी नाही. मागच्या खेपेला चारही संध्याकाळी लॉजवर टीव्ही बघण्यात गेल्या, कारण आवरून बाहेर पडेपर्यंत अंधार आणि उशिरा निघालं तर खानावळीत जेवण संपलेलं. या वेळी काय करता येईल?

दुखणं प्रश्नातच सांगितलंय: ‘आवरून’. नोव्हेंबरअखेर इथे सूर्य सहाच्या आतबाहेर मावळतो. नंतर वीस-पंचवीस मिनिटं संधिप्रकाश असतो, मग काळोख. साडेपाचला सुटून आधी लॉज गाठला, तोंड धुतलं, कपडे बदलले, एक मेल पाहिला, की साडेसहा वाजले. समुद्र संपला. म्हणून पहिला नियम: कामावरून सुटल्यावर खोलीवर जायचं नाही. सकाळी निघतानाच ऑफिसच्या बॅगेत रबरी चप्पल, एक टी-शर्ट, पंचा, छोटा टॉर्च आणि ओले-वाळूचे कपडे कोंबायला प्लॅस्टिकची पिशवी ठेवा. चामडी बूट घालून वाळूत उतरू नका. खाऱ्या ओलीने शिवण आणि तळ दोन्ही जातात, आणि इथल्या दमट हवेत बूट रात्रीत वाळत नाहीत, सकाळी कुबट वासासकट मीटिंगला जावं लागतं. धुतलेल्या शर्टाचंही तेच. बंद खोलीत वाळेल या भरवशावर राहू नका, एक जादा आणा.

दुसरं, रिक्षा. साडेपाचला एमआयडीसीच्या फाटकावर रिक्षा उभी असेलच असं नाही, आणि शोधण्यात गेलेली पंधरा मिनिटं म्हणजे अर्धा संधिप्रकाश. सकाळी ज्या रिक्षाने याल त्यालाच संध्याकाळचं सांगून ठेवा आणि जाऊन-येऊन, थांबण्यासकट भाडं तिथल्या तिथे ठरवा. भाट्ये किंवा किल्ल्यावरून अंधार पडल्यावर परतीची रिक्षा आयती मिळत नाही. गावात मारुती मंदिर, जयस्तंभ, एसटी स्टँड इथे मात्र अडचण नाही. मुक्कामही शक्यतो मारुती मंदिर ते जयस्तंभ या पट्ट्यात घ्या. कंपनीला जवळ म्हणून हमरस्त्याकडे खोली घेतली तर सकाळी दहा मिनिटं वाचतात आणि संध्याकाळ सगळी जाते.

आता समुद्र. लोक सूर्यास्ताची वेळ फोनवर बघतात, भरती-ओहोटी कोणी बघत नाही, आणि किनाऱ्यावरची संध्याकाळ चांगली की वाईट हे भरतीच ठरवते. किनारपट्टीवरचा जुना हिशेब अगदी सोपा आहे: तिथीची पाऊणपट. त्या दिवशीची तिथी घ्या, तिला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, मोजणी एकपासूनच. हा हिशेब मुंबईला बसतो. रत्नागिरीला भरती त्याआधी अर्धा-पाऊण तास होते. भरतीनंतर सहा तास आणि वर दहा-बारा मिनिटांनी ओहोटी. वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. कॅलेंडर लॉजच्या काउंटरमागे टांगलेलं असतंच.

एक उदाहरण करून बघू. द्वितीया असेल तर हिशेबाने दीड येतो, रत्नागिरीला साधारण पाऊण वाजता भरती, म्हणजे संध्याकाळी सातच्या सुमारास पूर्ण ओहोटी. सहाला तुम्ही पोचाल तेव्हा पाणी खूप मागे गेलेलं, वाळू रुंद, ओली आणि घट्ट. चालायला याहून चांगली वेळ नाही. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून तृतीया-चतुर्थीपर्यंत संध्याकाळी हे असंच मिळतं. अगदी अमावास्या-पौर्णिमेला मात्र ओहोटी पाचच्या आधीच होऊन जाते आणि सहाला पाणी चढायला लागलेलं असतं. ते उधाणाचे दिवस, पाणी जितकं मागे जातं तितकंच झपाट्याने पुढे येतं, तेव्हा खडकांच्या पलीकडे जाऊन बसू नका. अष्टमी ते दशमी भरतीच संध्याकाळी असते. ते भांगाचे दिवस असल्याने पाणी फार वर येत नाही, धोका कमी, पण चालायला उरते ती वरची भुसभुशीत वाळू. अर्ध्या तासात पोटऱ्या भरून येतात. त्या दिवसांत किनाऱ्याऐवजी उंचावरची जागा धरा.

किनारा म्हणजे कुठला? साडेपाचला सुटणाऱ्या माणसासाठी उत्तर एकच, भाट्ये. खाडीवरचा पूल ओलांडला की लागलीच डाव्या-उजव्या हाताचा प्रश्नच राहत नाही, समोर सुरूबन दिसतं. लांबच लांब सरळ किनारा आहे, पुढे झरी विनायकाचं देऊळ. पुलाच्या बाजूला, म्हणजे खाडीच्या मुखाकडे, पाण्यात उतरू नका. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून समुद्राकडे ओढलं जातं आणि गुडघाभर पाण्यातही पाय सुटतो. खरं तर संध्याकाळी एकट्याने कुठेच पोहायला जाऊ नये. घोट्यापर्यंत भिजा, पुरे. रिक्षावाल्याने हौसेने रिक्षा वाळूत घातली तर त्याला थांबवा. चाक रुतलं की ढकलायला माणसं मिळेपर्यंत भरतीचं पाणी येऊन ठेपतं.

नोव्हेंबर ते जानेवारीत कधी कधी काळोखी रात्री लाट फुटताना निळी चमकते. पाण्यातल्या सूक्ष्म जिवांचा तो प्रकाश असतो, पाणी ढवळलं की पेटतात. रोज दिसत नाही, चांदण्यात तर मुळीच जाणवत नाही. दिव्यांपासून दूर, डोळे दहा मिनिटं अंधाराला सरावू द्या, फोन खिशात ठेवा. दिसलं तर दिसलं.

आरे-वारेचं नाव सगळेच घेतात आणि तो रस्ता आहेही तसाच. शिरगाव, साखरतर, काळबादेवीवरून जाताना चढावर आल्याबरोबर खाली एका बाजूला आरेचा किनारा, दुसऱ्या बाजूला वारेचा. पण नोव्हेंबरात साडेपाचला सुटून तिथे सूर्यास्त मिळत नाही, वाटेतच अंधार होतो. मार्चनंतर, सूर्य पावणेसात-सातला मावळतो तेव्हा जमतं. एखाद्या दिवशी चारला सुटका झाली तरच या खेपेला विचार करा, आणि मग तसंच पुढे गणपतीपुळ्याला जाऊन या. देवळामागची टेकडी हाच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा टेकडीला, सुमारे एक किलोमीटरची. पुळ्याचा समुद्र मात्र दिसतो तसा भोळा नाही. किनारा उतरता आहे आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. बुडण्याच्या घटना तिथे वारंवार होतात. परतीच्या रस्त्याला दिवे नाहीत, गुरं डांबरावर बसलेली असतात. चालकाला घाई लावू नका.

सोमवारी, म्हणजे पहिल्या संध्याकाळी, थिबा पॉइंट. उंचावर असल्याने भरतीचा प्रश्न नाही, उशीर झाला तरी काही तरी हाती लागतं. खाली भाट्याची खाडी, पूल, राजिवड्याची वस्ती, पलीकडे समुद्र. गावाची रचना एका नजरेत कळते, पुढच्या तीन दिवसांना ती उपयोगी पडते. जवळच थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी पदच्युत करून १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१० च्या सुमारास, आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. म्हणजे तीस वर्षांतली शेवटची सहाच त्याच्या वाट्याला या वास्तूत आली. आतलं संग्रहालय संध्याकाळी बंद होतं, सोमवारी तर सुट्टीच. त्यामुळे बाहेरून बघायचं. दुपारच्या सुट्टीत पळत जाऊन आत डोकावण्यापेक्षा ते बरं.

भगवती किल्ला, म्हणजे रत्नदुर्ग, हाही उंचावरचा पर्याय आहे. वाहन जवळपास वरपर्यंत जातं. तटावरून खाली मिरकरवाडा बंदर आणि बोटींचे दिवे लागताना बघण्यासारखे असतात. फक्त तटावर जागोजागी कठडा नाही, अंधारात एक पाऊल चुकलं तर थेट खाली कातळ. संधिप्रकाश संपायच्या आत उतरा.

मिरकरवाड्याला बंदरावर जायचं असेल तर रबरी चप्पल हवीच. जमीन ओली, निसरडी, बर्फाच्या पाण्याची. बोटी हवेप्रमाणे आणि मिळकतीप्रमाणे लागतात, घड्याळाप्रमाणे नाही. पाट्या वाहणाऱ्या बायकांच्या वाटेत उभं राहू नका, फोटो काढायचा तर आधी विचारा. तुमच्याकडे चूल नाही, तेव्हा विकत काही घ्यायचं नाही. जायचं ते आज काय आलंय हे डोळ्यांनी बघायला. पाटीत बांगडा रग्गड दिसला तर रात्री बांगडाच मागवायचा. पापलेट कुठेच दिसलं नाही आणि खानावळीत मिळतंय, तर ते कुठल्या दिवसाचं हे समजून घ्यायचं.

जेवणाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण बाहेरगावचा माणूस फसतो तो इथे. मेनूकार्ड बाजूला ठेवून ‘आज ताजं काय?’ हा एकच प्रश्न विचारा आणि भाव आधी विचारा, कारण मासा आकारावर विकला जातो. ‘मासा दाखवा’ म्हणण्यात इथे कोणाला राग येत नाही. अख्खा मासा असेल तर डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, कल्ले लाल, बोट दाबल्यावर खळगा लगेच भरून यायला हवा. सुरमईची तुकडी असेल तर मधल्या काट्यालगतचं रक्त बघा. लालभडक असेल तर चांगलं, तपकिरी झालं असेल किंवा मांसाचे पापुद्रे सुटे दिसत असतील तर सोडून द्या. तशी तुकडी तव्यावर पडताच विस्कटते, म्हणूनच तिच्यावर रव्याचा जाड थर चढवतात. पातळ पिठात, तव्यावर तळून मागा. जाड कवचाचा आग्रह दिसला की संशय घ्यायला हरकत नाही.

बांगड्याबाबत विशेष जपा. हा मासा नीट बर्फात ठेवला नाही तर त्यात हिस्टामाइन तयार होतं आणि ते शिजवून-तळून जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात तोंड, कान लाल होतात, खाज सुटते, डोकं ठणकतं. लोक त्याला माशाची अ‍ॅलर्जी समजतात. जिभेला तिखट झिणझिणी लागली तर पहिल्या घासाला थांबा. दुसऱ्या दिवशी ऑडिट असताना हा उद्योग नको.

सोलकढी दुपारी केलेली रात्री मिळाली तर नारळाचं दूध फाटून वर तवंग आणि खाली पाणी झालेलं असतं, वासही आंबूस. चांगली कढी एकसारखी गुलाबी असते. घोटभर मागवून चव घ्या, मग वाटी. पोळीऐवजी तांदळाची भाकरी सांगा. शाकाहारी असाल तर कुळथाची पिठी आणि भात हे संध्याकाळचं खरं कोकणी जेवण, पण बऱ्याच ठिकाणी पाहुण्यांना द्यायला संकोचतात आणि पनीर पुढे करतात. तुम्हीच मागा. ओल्या काजूची उसळ नोव्हेंबरात विचारू नका, ती फेब्रुवारीनंतरची.

वारांचा हिशेब ठेवा. गुरुवारी, संकष्टीला आणि श्रावणात बहुतेक घरांत मासे बंद. मार्गशीर्ष लागला असेल तर गुरुवारी आणखीच. गिऱ्हाईक नसलं की माल पडून राहतो, म्हणून शुक्रवारी दुपारी ‘कालचं’ ताटात यायची शक्यता वाढते. मासे मंगळवारी-बुधवारी खाऊन घ्या, गुरुवार शाकाहारी. संकष्टी मध्ये आली तर दुपारीच विचारून उकडीच्या मोदकांचं सांगून ठेवा. आयत्या वेळी मिळत नाहीत, उकड काढण्यापासून तयारी असते. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा जे मिळतं ते बर्फातलं किंवा खाडीतलं. त्या दिवसांत सुरमईसाठी हट्ट धरणं म्हणजे पैसे देऊन शीतगृह खाणं. आणि वेळ: खानावळीत साडेआठच्या आत बसा. दहाला भांडी घासायला पडलेली असतात.

सव्वासहा ते साडेआठ या दोन तासांचं काय, हा भाग बहुतेकांकडून रिकामाच जातो. हे तास गावात पायी घालवायचे. जयस्तंभाजवळ रत्नागिरीचं नगर वाचनालय आहे, स्थापना १८२८ ची, राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. वेळ आधी विचारून घ्या. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान, तेही संध्याकाळी बंद होतं, पण उतरतं कौलारू छप्पर बाहेरूनही दिसतं. पतित पावन मंदिर संध्याकाळी उघडं असतं. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्या काळात त्यांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून हे देऊळ १९३१ मध्ये सर्व जातींसाठी खुलं झालं. तिथून राम आळी, गोखले नाका. दुकानं आठ-साडेआठला मिटायला लागतात.

आणि नाटक. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास राज्य हौशी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी असते आणि रत्नागिरी हे तिचं एक केंद्र. तारखा दरवर्षी मागेपुढे होतात, त्यामुळे सोमवारीच मारुती मंदिराजवळच्या सावरकर नाट्यगृहाच्या दारावरचा फलक वाचून घ्या. तिकीट नाममात्र असतं आणि प्रेक्षक जाणकार, मध्यंतरात शेजारचा अनोळखी माणूस तुम्हाला प्रकाशयोजनेवर मत विचारेल. अडचण एकच, प्रयोग सुटेपर्यंत खानावळ मिटायला आलेली. आधी सव्वासहाला घावणे किंवा आंबोळी खाऊन घ्या आणि खानावळवाल्याला ‘साडेनऊला येतो, एक ताट ठेवा’ म्हणून सांगून जा. सांगून ठेवलेलं ताट इथे ठेवलं जातं. मेल आणि रिपोर्ट त्यानंतर, खोलीवर.

स्थानिक सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावलं तर वरचं सगळं बाजूला ठेवून जा. फक्त शाकाहारी की मासे खाता हे सकाळीच स्पष्ट सांगा. ‘काहीही चालेल’ म्हटलंत की त्या घरातल्या बाईंना दोन्ही स्वयंपाक करावे लागतात.

खरेदी गुरुवारी, शेवटच्या संध्याकाळी. आगळ आणि कोकम सरबत यांत गफलत होते. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा घट्ट रस, सोलकढीसाठी. सरबताचा पाक वेगळा, त्यात साखर असते. आगळात पाणी-साखर घालून पाहुण्यांना देणारे दरवर्षी निघतात. बाटलीचं झाकण टेपने गुंडाळा, पिशवीत घाला, उभी ठेवा. डाग कपड्यातून जात नाही. काजू घेताना आकडा समजून घ्या: डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात, म्हणजे साडेचारशे ग्रॅममध्ये, सुमारे तीनशेवीस गर. आकडा जितका लहान तितका काजू मोठा आणि महाग. भाजीला किंवा कतलीला पाकळी घ्या, चव तीच, भाव कमी. पाकीट फोडून एक चावून बघा. खवट असेल तर पहिल्याच चाव्यात कळतं. आंबापोळी, फणसपोळी वर्षभर मिळते, पण माल गेल्या उन्हाळ्यातला. वाकवली की तुटायला नको. हापूस या दिवसांत कोणी दाखवला तर हसून पुढे चला.

सोडे, सुकट, सुके बोंबील घ्यायचे तर सगळ्यांत शेवटी. वर्तमानपत्र, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर झाकणाचा डबा, असं तीन पदरी बांधा. एसी डब्यात हा डबा वरच्या फळीवर ठेवू नका, वास खाली उतरतो. बर्थखाली, दाराकडच्या टोकाला ठेवा. स्टेशन गावापासून सहा-सात किलोमीटरवर आहे, गाडीच्या वेळेआधी पाऊण तास निघा आणि रिक्षा गुरुवारी रात्रीच सांगून ठेवा.